सुगरणीच्या खोप्यापासून घन्याच्या पाणथळीपर्यंत : सलीम अलींचे पक्षिशास्त्र आणि लोकभाषेचा प्रश्न

भारतीय भाषांमधील निसर्गलेखनाचा तौलनिक विचार करताना एक विभागणी बहुधा गृहीत धरली जाते. शास्त्रज्ञ ज्ञान मिळवतो आणि लेखक ते लोकांपर्यंत पोचवतो. पहिले काम मूलभूत आणि दुसरे अनुषंगिक, अशी ही समजूत आहे. डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या कार्याकडे पाहिले म्हणजे ही विभागणी टिकत नाही. सुमारे साठ वर्षे त्यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला. तेवढाच काळ ते संशोधनपर निबंध, क्षेत्रात वापरायची पुस्तके, आकाशवाणीवरील भाषणे, राज्यकर्त्यांना लिहिलेली पत्रे आणि अखेरीस आत्मचरित्र अशा निरनिराळ्या रूपांत लिहीत-बोलत राहिले. यांपैकी कोणता भाग शास्त्राचा आणि कोणता प्रसाराचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. या देशात पक्ष्यांसाठी जी स्थळे राखली गेली, त्यांतील काही त्यांच्या शब्दाच्या बळावर राखली गेली, हे इतिहासाला मान्य आहे.

परंतु शब्दाचे बळ म्हटले की तो शब्द कोणत्या भाषेतला आणि कोणाला उद्देशून, हा प्रश्न येतोच. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न मध्यवर्ती मानला आहे. सलीम अलींच्या लेखनाने वाचणाऱ्यांचा एक नवा वर्ग घडवला आणि सत्तेला ऐकायला लावले. पण ज्यांची गुरे पाणथळीत चरत होती त्यांच्याशी त्याचा संवाद झाला नाही. या अभावाची किंमत १९८२ साली भरतपूरला मोजावी लागली. ही किंमत नेमकी कशी पडली आणि तिच्यातून पुढच्या पिढीने काय घेतले, याचा येथे विचार करावयाचा आहे.

१

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. हे घराणे सुलेमानी बोहरा समाजातले, व्यापारी आणि सार्वजनिक जीवनात वावरणारे. या घराण्यात ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवण्याची रीत होती; कुटुंबातील माणसांनी प्रवास, पाहुणे, आजारपण, सहली यांच्या नोंदी तीत करावयाच्या. पाहिलेले लिहून ठेवावे हा संस्कार शास्त्राच्या आधी घरातून झाला असावा, असे मानावयास जागा आहे.

लहानपणी बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ती कोणती, हे विचारण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती चिमणी ओळखून दिली आणि संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी दाखवले. मराठीत या पक्ष्याला रानचिमणी म्हणतात. सलीम अलींनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राला ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ असे नाव दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील आणि शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील चिमणीच्या पतनाचा संदर्भ या नावात आहे, त्याचबरोबर स्वतःच्या हातून पडलेल्या त्या चिमणीचाही आहे. इंग्रजी साहित्यसंस्कारात वाढलेल्या वाचकाला तो एका क्षणात कळतो, इतरांना समजावून द्यावा लागतो. सलीम अलींच्या लेखनाचा वाचक कोण, याची पहिली खूण या शीर्षकातच सापडते.

त्यांच्याजवळ पदवीचे भांडवल नव्हते. ब्रह्मदेशात तवॉय येथे कुटुंबाच्या खाण व लाकूड व्यवसायात काही वर्षे गेली. मुंबईस परतल्यावर सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना नोकरी मिळाली. येणाऱ्या प्रेक्षकांना आणि शाळकरी मुलांना कपाटातील पक्षी समजावून सांगणे हे तिचे स्वरूप होते. म्हणजे शास्त्रज्ञ म्हणून नाव होण्यापूर्वी त्यांना पहिली नोकरी मिळाली ती लोकांशी बोलण्याची. पुढे बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. मेलेल्या पक्ष्याच्या कातड्यापेक्षा जिवंत पक्ष्याच्या वर्तनाला महत्त्व देणारी दृष्टी त्यांना तेथे मिळाली. १९३० साली ते परत आले तेव्हा म्युझियममधील त्यांची जागा उरली नव्हती.

२

नोकरी नसल्यामुळे सलीम अली आणि त्यांच्या पत्नी तेहमिना अलिबागजवळच्या किहीम येथे राहावयास गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात दिवसचे दिवस आडोशाला बसून त्यांनी या पक्ष्याचे निरीक्षण केले. ते १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि भारतीय पक्षिशास्त्रात वर्तनाभ्यासाचा एक मानदंड ठरले.

या निरीक्षणाचा निष्कर्ष थोडक्यात असा. खोपा विणण्याचा आरंभ नर करतो. खोपा अर्धवट झाला म्हणजे माद्या येऊन तो तपासतात आणि पसंत पडलेल्या खोप्याचा ताबा घेतात. त्यानंतर नर उरलेला भाग पुरा करतो. मादी अंडी उबवू लागली की तो दुसरा खोपा बांधावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एकाच मोसमात अशी एकाहून अधिक बिऱ्हाडे तो उभी करतो.

मराठी वाचकाला हा निष्कर्ष विशेष विचार करावयास लावणारा आहे. आपल्या भाषेत या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी आहे आणि तेच नाव आपण स्वयंपाकात निपुण असणाऱ्या स्त्रीलाही देतो. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या सुगरणीवरील कवितेत खोप्याचे सारे कर्तृत्व पिलांसाठी जीव टांगणाऱ्या मादीला दिलेले आहे. ही कविता त्यांच्या पश्चात १९५२ साली संग्रहरूपाने छापली गेली आणि पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोचली. किहीमचा निबंध इंग्रजीत, एका विद्वत्सभेच्या नियतकालिकात होता. तेव्हा महाराष्ट्रातील मुलांच्या पिढ्यांनी सुगरण ओळखली ती बहिणाबाईंच्या शब्दांतून.

येथे कवितेला चूक आणि शास्त्राला बरोबर ठरवण्याचा हेतू नाही. बहिणाबाईंचा विषय आईपण आहे, सलीम अलींचा विषय एका पक्षिजातीचा प्रजननक्रम आहे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, एकाच काळात, एकाच प्रांतात, एकाच पाखराविषयी दोन समर्थ कथने निर्माण झाली आणि ती एकमेकांना भेटली नाहीत. एकाची भाषा इंग्रजी होती, दुसऱ्याची लेवा गणबोली. शेताच्या बांधावर बसून पाहिलेले आणि आडोशाला बसून पाहिलेले यांची गाठ घालून देणारी व्यवस्था तेव्हा नव्हती.

३

१९३० च्या दशकात सलीम अलींनी हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन आणि इतर संस्थानांतील पक्ष्यांची सर्वेक्षणे केली. या काळात तेहमिना त्यांच्या सोबत मुक्कामी असत. १९३९ साली त्यांचे निधन झाले. १९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे पुस्तक सोसायटीने प्रसिद्ध केले. त्यापूर्वी भारतीय पक्ष्यांवर ग्रंथ नव्हते असे नाही. ह्यू व्हिस्लर यांचे १९२८ चे पुस्तक होते. परंतु सलीम अलींच्या पुस्तकाची रचना वेगळी होती.

या पुस्तकात पक्ष्याचे आकारमान सांगताना मापाच्या आकड्यावर थांबलेले नाही. चिमणीएवढा, बुलबुलाहून मोठा, मैनेएवढा, कावळ्याहून लहान, घारीएवढा अशी परिमाणे दिलेली आहेत. ज्याने कधी पक्षी हातात घेऊन मोजला नाही, पण अंगणातली चिमणी रोज पाहिली आहे, त्याला अनोळखी पक्षी कळावा यासाठीची ही योजना. ओळखीच्यावरून अनोळखीकडे नेणारी ही रीत आपल्याकडच्या उपमेसारखीच आहे. प्रसार हा शास्त्रावर नंतर चढवलेला मुलामा नसून शास्त्राच्या मापनपद्धतीतच तो कसा मुरलेला असू शकतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

पुस्तकाचा प्रभाव सत्तेच्या वर्तुळातही पडला. डेहराडूनच्या तुरुंगातून जवाहरलाल नेहरूंनी ते आपल्या कन्येस पाठवले होते आणि आपली पक्ष्यांकडे पाहण्याची दृष्टी त्यामुळे उघडली, असे इंदिरा गांधींनी पुढे नमूद केले. स्वातंत्र्यानंतर सोसायटीची आर्थिक स्थिती बिकट झाली तेव्हा सलीम अलींनी नेहरूंना लिहिले व मदत मिळाली. या दोघांशी असलेल्या या नात्याचा उपयोग त्यांनी पुढे अनेकदा केला, आणि तो स्वतःसाठी केला नाही.

१९४० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत आकाशवाणीवर त्यांनी भाषणे दिली. त्यांच्या शिष्या तारा गांधी यांनी ती संपादित करून २०२१ साली पुस्तकरूपाने आणली. नभोवाणीवरच्या भाषणाला रंगीत चित्राचा आधार नसतो; पक्षी केवळ शब्दांनी उभा करावा लागतो. लईक फतेहअली यांच्या सहकार्याने लिहिलेले ‘कॉमन बर्ड्स’ हे छोटे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६७ साली काढले आणि ते इतर भारतीय भाषांतही गेले. तरीही मूळ लेखन सातत्याने इंग्रजीत राहिले. एस. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेल्या भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांच्या दहा खंडांच्या ग्रंथात (१९६८–१९७४) पक्ष्यांची देशी नावे काळजीपूर्वक दिलेली आहेत. त्या ग्रंथात लोकभाषा आहे, परंतु ती नावांपुरती आहे. वाक्य तिच्यात नाही.

४

पक्ष्यांचे रक्षण का करावे, या प्रश्नाला सलीम अलींचे उत्तर भावनेवर आधारलेले नव्हते. १९३६ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी भारतातील आर्थिक पक्षिशास्त्राविषयी लिहिले. पिकांवरील किडी आणि उंदीर खाणारे पक्षी, फुलांचे परागण करणारे पक्षी, बिया पसरवणारे पक्षी यांचा शेतीशी असलेला हिशेब मांडला जावा, असा तो आग्रह होता. त्याआधी फुले आणि त्यांवर येणारे पक्षी यांच्या परस्परसंबंधावरही त्यांनी निबंध लिहिला होता. आज ज्याला आपण उपयोजित संवर्धनशास्त्र म्हणतो, त्याची ही येथील पायाभरणी म्हणता येईल.

दुसरे उदाहरण स्थलांतराच्या अभ्यासाचे. १९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलातील ताप उद्भवला; माकडे मरू लागली, माणसे आजारी पडली. या रोगाच्या विषाणूचे रशियाकडील एका विषाणूशी साम्य दिसल्याने स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो आला असावा काय, अशी शंका निर्माण झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि भरतपूर त्याचे एक प्रमुख केंद्र झाले. कोणता पक्षी कोठून येतो आणि कोठे जातो, याची भारतातील पद्धतशीर माहिती या कामातून मिळू लागली.

पक्ष्याला इजा न करता पकडणे हे या कार्यक्रमातील सर्वांत अवघड काम, आणि ते बिहारमधील मीरशिकार समाजातील पारध्यांनी केले. पक्ष्याची चाल, उतरण्याची जागा, वाऱ्याचा रोख, जाळे कोठे लावावे हे सारे त्यांना पिढीजात ठाऊक होते. सलीम अलींना या कौशल्याबद्दल मनापासून आदर होता. परंतु हे ज्ञान शास्त्रात आले ते हातांच्या रूपाने. लेखणीच्या रूपाने आले नाही. कोणत्या पक्ष्याला कोठे कडी घातली हे नोंदवहीत उतरले. तो पक्षी तेथेच उतरणार हे पारध्याने कसे ओळखले, हे मात्र त्याच्याच बोलीत राहिले. किहीमला जे घडले तेच येथे दुसऱ्या रूपात दिसते.

५

केवलादेव घना म्हणजे भरतपूरच्या महाराजांनी बांध घालून, पाणी खेळवून निर्माण केलेले शिकारीचे पाणपक्षिक्षेत्र. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारमेळाव्यात एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्याच दिवशी सलीम अलींना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली. स्वातंत्र्यानंतर ही झील आटवून जमीन शेतीसाठी द्यावी, अशी मागणी झाली. सलीम अलींनी नेहरूंकडे रदबदली केली आणि झील वाचली. १९५६ साली ते अभयारण्य झाले, १९८१ साली रामसर करारातील पाणथळींच्या यादीत त्याचा समावेश झाला. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुढे राष्ट्रीय उद्यान बनले आणि १९८५ साली जागतिक वारसा ठरले. एका माणसाच्या शब्दाने एक पाणथळ कशी टिकते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

याच घन्यात आजूबाजूच्या गावांच्या म्हशी व गाई पिढ्यानुपिढ्या चरत आल्या होत्या. गुरांमुळे पक्ष्यांच्या अधिवासाची हानी होते, म्हणून चराई बंद करावी, असे मत संवर्धनाच्या क्षेत्रात प्रबळ होते आणि सलीम अलींचेही तेच होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली. मृतांचा आकडा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा दिलेला आढळतो, हेही बोलके आहे. १९३८ च्या त्या दिवशी मारलेल्या पक्ष्यांची संख्या शेवटच्या पक्ष्यापर्यंत सांगता येते. १९८२ च्या माणसांची एकमताने सांगता येत नाही.

यानंतर जे घडले ते भारतीय संवर्धनाच्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाचे प्रकरण आहे. १९८० पासून सोसायटीने घन्यात एक दीर्घकालीन परिस्थितिकीय अभ्यास चालवला होता. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचा अहवाल १९९१ साली आला. त्याचा निष्कर्ष अपेक्षेच्या उलट होता. पाण्यात आणि ओलीत दोन्हीकडे वाढणारे पॅस्पॅलम जातीचे गवत म्हशी खाऊन आटोक्यात ठेवत असत. म्हशी गेल्यावर ते बेसुमार माजले, त्याने उथळ पाणी व्यापले आणि पाणपक्ष्यांना लागणारा मोकळा जलपृष्ठभाग कमी झाला. ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांनाच ती बाधक ठरली. गवत काढण्यासाठी गावकऱ्यांचीच मदत घेण्याची गरज पुढे मान्य करावी लागली. घन्याचे भूषण मानले गेलेले सायबेरियन क्रौंच २००१–०२ च्या हिवाळ्यानंतर तेथे आले नाहीत. मात्र त्याची कारणे अनेक असून त्यांच्या लांबच्या प्रवासमार्गावरील संकटांनाही त्यात वाटा आहे. तो दोष या एका बंदीवर टाकता येणार नाही.

या प्रकरणाचे दोन अर्थ लावता येतात आणि दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. पहिला अर्थ शास्त्राच्या बाजूचा. ज्या संस्थेला सलीम अलींनी आयुष्य दिले, तिच्याच अभ्यासाने त्यांचे मत खोडून काढले. किहीमला बसून त्यांनी जी शिस्त शिकवली होती, ती त्यांच्या अधिकारापुढेही वाकली नाही. १९८७ साली त्यांचे निधन झाल्याने हा अहवाल त्यांनी पाहिला नाही. परंतु शास्त्रज्ञाच्या वारशाची याहून मोठी कसोटी नसते.

दुसरा अर्थ अधिक अवघड आहे. म्हशी गवत खातात आणि पाणी मोकळे राहते, हे रोज म्हशी घेऊन पाण्याकाठी जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोरचे होते. या माणसाला कोणी विचारले असते, त्याच्या ब्रजभाषेत त्याचे म्हणणे ऐकून घेतले असते, तर उत्तर तपासून पाहण्याजोगे तरी मिळाले असते. त्याचे म्हणणे बरोबरच ठरले असते असे नव्हे. पण तपासाचा प्रश्न बंदीच्या आधी निर्माण झाला असता. दिल्लीच्या पंतप्रधानांना समजेल अशा इंग्रजीत घन्याची बाजू मांडणारे लोक होते. घन्याच्या वेशीवरच्या गावाला समजेल अशा बोलीत ती मांडणारे व तिचे उत्तर ऐकणारे कोणी नव्हते. जेथे शब्द पोचला नाही तेथे बंदूक पोचली, असे म्हणावे लागते.

६

हे अपरिहार्य होते काय, हे ठरवण्यासाठी त्याच काळातील दुसऱ्या एका प्रकरणाशी तुलना उपयोगी पडते. केरळातील पालक्काड जिल्ह्यात कुंतीपुळा नदीवर सायलेंट व्हॅलीत जलविद्युत प्रकल्प व्हावयाचा होता. नियोजन मंडळाने १९७३ साली त्यास मंजुरी दिली होती. सिंहपुच्छ वानराचे घर असलेले हे सदाहरित वन वाचावे म्हणून देशातील शास्त्रज्ञांनी आवाज उठवला. सलीम अलींनीही तेथे भेट देऊन प्रकल्प सोडून देण्याचे आवाहन केले.

येथपर्यंत चित्र भरतपूरसारखेच आहे. फरक यानंतरचा. विज्ञानलेखकांनी १९६२ साली स्थापलेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने या प्रकल्पाची तांत्रिक व आर्थिक चिकित्सा केली आणि ती मल्याळममध्ये गावोगाव नेली. संस्थेच्या नावातच शास्त्र आणि साहित्य ही दोन पदे एकमेकांशेजारी आहेत, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. सुगतकुमारी यांच्यासारख्या कवींनी कविता लिहिल्या, कवी-लेखकांच्या सभा झाल्या. ज्यांना वीज हवी होती त्यांच्याशी, त्यांच्याच भाषेत, आकड्यांनिशी वाद घातला गेला. त्यावर टीकाही भरपूर झाली. वृक्षांसाठी रडणारे कवी अशी हेटाळणी झाली. परंतु वाद झाला. अखेर १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला, १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि १९८५ साली त्याचे उद्घाटन झाले.

दोन्ही ठिकाणी परिस्थिती सर्वस्वी सारखी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. सायलेंट व्हॅलीच्या ऐन गाभ्यात वस्ती विरळ होती आणि प्रतिपक्ष एक सरकारी मंडळ होते. भरतपूरला प्रतिपक्ष म्हणजे आसपासचे पशुपालकच होते. केरळातील साक्षरतेचे प्रमाणही वेगळे. तरीसुद्धा एक निष्कर्ष काढता येतो. पंतप्रधानांच्या निर्णयाचे वजन दोन्हीकडे होते. सायलेंट व्हॅलीत त्या निर्णयाच्या पाठीशी लोकभाषेतील दीर्घ चर्चा उभी होती, भरतपूरला ती नव्हती.

७

सलीम अलींच्या वारशाचा हा दुसरा भाग पुढे कोणी उचलला, हे पाहताना मराठीकडे यावे लागते. पुण्यातील माधव गाडगीळ यांनी शाळकरी वयात सलीम अलींना एक पत्र लिहिले होते. वेड्या राघूच्या शेपटीतले लांब पीस काही पक्ष्यांना का दिसत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. ते पीस झडते आणि नवे उगवते, असे उत्तर सलीम अलींनी लिहून पाठवले. या मुलाचे पुढे परिस्थितिकीचे शास्त्रज्ञ झाले. १९७५ साली भारतीय पक्ष्यांच्या सामूहिक रात्रनिवाऱ्यावर या दोघांनी मिळून निबंध लिहिला. लोकांशी संवाद हे शास्त्राचे अंग आहे, याचा पुरावा एका पत्राच्या उत्तरातून मिळावा हे सलीम अलींच्या स्वभावाला धरूनच झाले.

भरतपूरच्या चराईबंदीवर पुढे ज्यांनी स्पष्ट टीका केली त्यांत गाडगीळही होते. गुरूबद्दलचा आदर ठेवून केलेली ही टीका त्यांच्या पुढील कामाला दिशा देणारी ठरली. गावच्या जैवसंपदेची नोंद गावकऱ्यांनी स्वतः करावी, या कल्पनेचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. त्यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ गटाचा अहवाल २०११ साली सादर झाला आणि २०१२ साली लोकांपुढे आला. हा अहवाल राज्यांच्या भाषांत अनुवादित करून ग्रामसभांपुढे ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. अनुवाद ही येथे साहित्यिक सोय राहत नाही; ती निर्णयप्रक्रियेची अट बनते. घन्याच्या वेशीवर जे झाले नाही ते सह्याद्रीच्या गावांत व्हावे, अशी ही मागणी होती. ती पुरी मानली गेली नाही आणि अहवालात नसलेल्या गोष्टीही त्याच्या नावावर पसरल्या, हे त्या मागणीचे महत्त्व उलट बाजूने सिद्ध करते.

दुसरे नाव मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे. ते वनाधिकारी होते. कर्नाळा, नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कार्यक्षेत्रे. सोलापुरात तेलुगू मातृभाषेच्या घरात जन्मलेल्या या लेखकाने मराठीत पक्षिशास्त्राची शब्दसंपदा जमवली. गोंड, कोरकू, ढीवर यांच्याकडून ऐकलेली नावे, संस्कृत ग्रंथांतली नावे आणि स्वतः घडवलेले शब्द त्यांच्या लेखनात एकत्र येतात. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार हे शब्द त्यांनी रुजवले. पक्षिकोशासारखे काम त्यांनी मराठीत केले. सलीम अलींच्या ग्रंथात देशी नावे शीर्षकाखाली एका ओळीत बसतात. चितमपल्लींच्या लेखनात ती वाक्यात येतात, क्रियापदे घेतात, त्यांच्याभोवती माणसे आणि हकिकती जमतात. मीरशिकाराच्या बोलीत जे राहून गेले होते, त्या प्रकारचे ज्ञान येथे लिहिले जाऊ लागते.

गाडगीळ आणि चितमपल्ली यांचे मार्ग वेगळे आहेत. पहिल्यांनी शास्त्राच्या निर्णयात लोकांना जागा मागितली, दुसऱ्यांनी शास्त्राच्या भाषेत लोकांच्या शब्दांना जागा दिली. दोन्ही कामे सलीम अलींच्या कार्यातून निघतात आणि त्यातील उणीव भरून काढतात.

८

सलीम अलींचे मोठेपण कमी करण्याचा येथे हेतू नाही. १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेवरील नियुक्ती हे सन्मान त्यांना मिळाले. त्याहून मोठी गोष्ट अशी की, पक्षी पाहणे ही या देशात एक सर्वसामान्य आवड होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी वापरलेली इंग्रजी ही त्यांच्या काळातील विद्वत्तेची भाषा होती आणि तिच्याशिवाय घना कदाचित नांगराखाली गेला असता. परंतु एखाद्या कार्याचे खरे मूल्यमापन त्याच्या यशाबरोबर त्याची वेस कोठे आली, हे पाहूनच होते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकासमोर येथे एक निश्चित काम आहे. संवर्धनाचे शास्त्र, कविता, पारध्याची बोली, वनाधिकाऱ्याची वही आणि तज्ज्ञ गटाचा अहवाल ही सारी एकाच वस्तूविषयीची निरनिराळ्या भाषांतील कथने आहेत. ती एकमेकांशेजारी ठेवून वाचली नाहीत तर काय होते, हे भरतपूरच्या पशुपालकांनी अनुभवले. किहीमच्या आडोशातून पाहिलेला नर आणि खानदेशच्या बांधावरून पाहिलेली मादी एकाच खोप्याच्या आत-बाहेर वावरत असतात. त्या दोघांना एका पानावर आणणे हे भाषांच्या अभ्यासकाचे काम आहे. पक्षिशास्त्रज्ञाने ते एकट्याने करावे, अशी अपेक्षा आपण आजवर केली, ही चूक त्याची नव्हती.